सॉकेट पुन्हा पुन्हा का जळतं?

प्रश्न: आमची गिरगावातली चाळ साठ वर्षांहून जुनी आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मोरीत 2000 वॅटचा गिझर आहे. त्याचा पॉवर पॉइंट वर्षभरात दोनदा काळा पडला, दोन्ही वेळा वायरमनने नवं सॉकेट बसवलं. आता पुन्हा वास येतोय आणि एमसीबीही (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) अधूनमधून पडतो. वायरमन म्हणतो, 32 चा एमसीबी टाकला की कटकट मिटेल. फ्रिजला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. अर्थिंगचं विचारलं तर म्हणाला, सॉकेटमध्येच वायरचा एक तुकडा जोडून देतो, झालं अर्थिंग. घरात सव्वा वर्षाचा मुलगा आणि सासूबाई आहेत. इमारत पुनर्विकासाला जाणार असं चार वर्षं ऐकतोय, म्हणून घरचे म्हणतात आता खर्च कशाला. गणपतीआधी नेमकं काय करून घेऊ?
– सौ. अ., गिरगाव

उत्तर: ताई, आधी आजचं बघू. गिझरचा स्विच बंद करा, प्लग काढा आणि तो पॉइंट कशालाही वापरू नका, मोबाइलच्या चार्जरलासुद्धा नाही. आंघोळीचं पाणी काही दिवस गॅसवर तापवा. एक्स्टेन्शन बोर्ड लावून गिझर स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर न्यायचा नाही, आणि बादलीत हीटरचा रॉड सोडणं तर त्याहून वाईट. दूध-भाजी दोन-तीन दिवस शेजारी ठेवता आली तर फ्रिजही तपासणी होईपर्यंत बंद ठेवा. ते शक्य नसेल तर निदान मुलाला त्याच्यापासून लांब ठेवा, आणि पुसताना आधी प्लग काढा. वास माशासारखा येत असेल तर तो प्लेटचं प्लास्टिक तापल्याचा असतो. घरात कोळंबी नसताना तसा वास आला की पहिल्यांदा स्विचबोर्ड हुंगायचे.

आता सॉकेट का जळतं ते. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर घेतो. सॉकेट 16 अँपिअरचं आहे, म्हणजे त्याच्या ताकदीच्या जेमतेम निम्मा भार. तरी ते जळतं, कारण भार जास्त नाही, जोड सैल आहे. सॉकेटच्या मागे स्क्रूखाली दाबलेल्या वायरचा स्पर्श नीट नसला की तिथे थोडा रोध तयार होतो. समजा तो फक्त अर्धा ओहम आहे. 8.7 गुणिले 8.7 गुणिले 0.5, म्हणजे जवळजवळ 38 वॅट उष्णता त्या एका स्क्रूपाशी. रेडिओवाल्याचं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं आणि त्यावर कथील वितळतं. इथे त्याच्या दीडपट उष्णता प्लास्टिकच्या बंद डबीत कोंडलेली. एमसीबीला यातलं काहीही कळत नाही. त्याला फक्त वाहणारा करंट कळतो, आणि तो 8.7 च आहे.

मग नवं सॉकेट का टिकलं नाही? वायरमनने बहुतेक जुन्या वायरचं तेच जळकं टोक नव्या सॉकेटमध्ये घातलं असणार. एकदा तापलेल्या तांब्यावर काळा थर बसतो, तार नरम पडते, वरचं आवरण कडक होऊन तडकतं. असं टोक कितीही घट्ट आवळलं तरी स्पर्श चांगला होत नाही. ते मागे कापत जाऊन चकचकीत तांबं आणि मऊ आवरण लागेपर्यंत थांबायचं नसतं. जुन्या घरात अडचण अशी की कापायला वायर उरलेलीच नसते. मग तुकडा पिळून जोडतात, काळी टेप गुंडाळतात, आणि सैल जोड प्लेटच्या मागे आणखी आत जाऊन बसतो. दुसरं, प्लग बघा. त्याच्या पिना काळ्या किंवा खड्डे पडलेल्या असतील तर त्या नव्या सॉकेटची पितळी पकडही खराब करतात. सॉकेट बदललं की प्लगटॉपही त्याच दिवशी बदलायचा. हे फार कमी वायरमन आपणहून सांगतात.

वायर पांढरट चांदीसारखी दिसली तर ती बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची. स्क्रूखाली दाबलेलं अ‍ॅल्युमिनियम काळानुसार हळूहळू पसरतं, म्हणून आवळलेला स्क्रू आपोआप सैल होतो. त्यावर येणारा ऑक्साइडचा थर वीज जाऊ देत नाही. तांब्याशी नुसतं पिळून जोडलं तर दमट, खाऱ्या हवेत तो जोड आणखी लवकर कुजतो, आणि गिरगावात तर चौपाटी हाकेच्या अंतरावर. अशी वायर पॉवर पॉइंटला ठेवूच नका.

32 च्या एमसीबीला मात्र स्पष्ट नाही म्हणा. एमसीबी गिझरसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. 32 चा एमसीबी 36 अँपिअरपर्यंत तासन् तास ढिम्म हलत नाही. तुमच्याकडची जुनी वायर त्याआधीच भाजून निघेल. पडणारा एमसीबी काहीतरी सांगतोय, त्याचं तोंड बंद करायचं नाही. तो का पडतो याची दोन साधी कारणं शोधा. एक, त्याच लाइनवर गिझरबरोबर इस्त्री आणि मिक्सर चालतात का? 1000 वॅटची इस्त्री 4.3 अँपिअर, 750 वॅटचा मिक्सर 3.3, गिझर धरून झाले 16.3. सकाळी साडेसातला हे तिन्ही एकदम सुरू असणं अगदीच शक्य आहे. दोन, एमसीबीचा स्वतःचा स्क्रू सैल असेल तर तो तिथल्या उष्णतेने आधीच पडतो. मेन बंद करून ते स्क्रू आवळायला पाच मिनिटं लागतात.

वायरमन येण्याआधी तुम्ही एवढं बघू शकता, पण प्लेट स्वतः उघडायची नाही. इतकी जुनी इमारत म्हटल्यावर लाकडी बॅटन पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांत बसवलेली, सुती वेणीची रबरी वायर अजून असण्याची दाट शक्यता आहे. ती दिसली तर हलवूही नका. रबर इतकं कडक झालेलं असतं की वाकवताच तडा जातो. मेन बोर्डवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर आत बारीक फ्यूज वायर आहे की कुणी तांब्याच्या जाड वायरचे दोन धागे घातलेत, हे वायरमनला उघडून दाखवायला सांगा. 15 अँपिअरसाठी तार अर्ध्या मिलिमीटरची लागते, 5 अँपिअरसाठी फक्त 0.2 मिलिमीटर. जाड तार घातलेला फ्यूज हा फ्यूज राहत नाही.

वायरमनने काम करताना एक पद्धत पाळलीच पाहिजे. मेन बंद केल्यावर टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या ठिकाणी लावून तो पेटतो का बघायचा, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू ठिकाणी. चाळीत एकाच खोक्यात गॅलरीच्या दिव्याची किंवा शेजारच्या खोलीची वायर शिरलेली असू शकते, आणि जुना मेन स्विच फेज (करंट आणणारी वायर) सोडून फक्त न्यूट्रलच (करंट परत नेणारी वायर) तोडत असण्याचीही शक्यता असते. स्विच बंद केल्यावरही एलईडीचा दिवा मंद जळत राहत असेल तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर आहे का, तेही तपासून घ्या. अशा पॉइंटला स्विच बंद असला तरी आत करंट असतोच.

आता फ्रिज आणि तो 'तुकडा'. तुमच्या पत्रात सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे, गिझरपेक्षाही. झिणझिण्या म्हणजे फ्रिजच्या पत्र्यावर थोडा करंट उतरतोय आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही. वाट मिळते ती तुमच्या हातातून. सॉकेटला तीन भोकं दिसतात म्हणून अर्थिंग असतंच असं नाही. वरच्या मोठ्या भोकामागे बऱ्याचदा वायरच नसते. वायरमन जो तुकडा जोडायचं म्हणतोय, तो सॉकेटमध्ये न्यूट्रलपासून अर्थच्या पिनला. जोडला की टेस्ट लॅम्प झकास पेटतो, 'बघा, अर्थ आलं' म्हणून दाखवता येतं. पण आता फ्रिजचा पत्रा न्यूट्रलला बांधला गेला. जुन्या बोर्डांवर दोन किटकॅट असतात, एक फेजवर, दुसरा न्यूट्रलवर. न्यूट्रलवरचा उडाला किंवा कुठे न्यूट्रलचा जोड सुटला की फेज फ्रिजच्या मोटरमधून, दिव्यातून फिरून त्या तुकड्यावरून थेट दाराच्या हँडलवर येतो, पूर्ण 230 व्होल्टचा. फ्रिज बंद पडला म्हणून बघायला जाणारा माणूस पहिल्यांदा हँडललाच हात लावतो. आणि सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर न्यूट्रल तुटायचीही वाट बघावी लागत नाही. तेव्हा तुकडा नाही म्हणजे नाही. हा वायरमन आणखी कुठे असं करून गेलाय का, तेही प्रत्येक सॉकेट उघडून बघायला लावा.

पूर्वी चाळींमध्ये पाण्याच्या लोखंडी पाइपलाच अर्थची वायर बांधायचे. पाइप जमिनीत असेपर्यंत ते चालून जायचं. मग कुणाच्या तरी मजल्यावर पाइप गळला, प्लंबरने मधला तुकडा प्लास्टिकचा घातला, आणि वरच्या सगळ्यांचं अर्थिंग त्या दिवशी संपलं. वर कुणाच्या गिझरमध्ये बिघाड झाला की वरच्या सगळ्या नळांना करंट. तुमच्याकडे मोरीतल्या पाइपला अशी वायर बांधलेली दिसली तर ती सोडवूनच घ्या.

खरं अर्थिंग मीटर रूममधून येतं. तिथे अर्थची पट्टी किंवा टर्मिनल असतं. तिथून हिरवी वायर जिन्याने वर तुमच्या मेन बोर्डपर्यंत, आणि तिथून प्रत्येक सॉकेटला. मेन वायर जेवढी जाड तेवढीच ही हिरवी. मीटर रूममध्ये तुम्ही किंवा वायरमनने हात घालायचा नाही असा भाग म्हणजे मीटरआधीचा कट-आउट (मुख्य फ्यूजचा डबा), तो वीज पुरवणाऱ्या बेस्टचा. तिथे काळं पडलेलं दिसलं तर त्यांना कळवा. मीटरनंतरचं सगळं तुमचं. मीटर रूममध्ये अर्थच नसेल तर चौकात एक खड्डा सगळ्या इमारतीसाठी करावा लागेल: किमान अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप, इमारतीच्या पायापासून दीड मीटर तरी लांब. तो एकट्या खोलीचा खर्च नाही, घरमालक आणि सगळ्या भाडेकरूंचा आहे. गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत हा विषय काढा, तेव्हा सगळे एकत्र भेटतात.

खोलीतल्या कामाची यादी वायरमनच्या हातात द्या. मेन बोर्डवर डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा) एमसीबी, त्यानंतर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच. बरेच वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात, पण 30 हा आकडा डबीवर छापलेला बघूनच घ्या. 100 किंवा 300 मिलिअँपिअरचा मिळतो, तो माणसाला वाचवण्यासाठी नसतो. मीटरकडून येणारी मेन वायर चार चौरस मिलिमीटरची असेल तर मेन एमसीबी 25 अँपिअरचा, सहाची असेल तरच 32 चा. आरसीसीबी 40 चा चालेल. पुढे लाइनी वेगळ्या करा: दिवे-पंखे दीडच्या वायरवर, 6 किंवा 10 च्या एमसीबीने, स्वयंपाकघरातले पॉवर पॉइंट अडीचच्या वायरवर, 16 च्या एमसीबीने, गिझरला एकट्याला चारची तांब्याची वायर आणि 20 चा एमसीबी. तीस मिलिअँपिअर म्हणजे गळती हृदयाला घातक होण्याआधी आरसीसीबी लाइन तोडतो. साधा एमसीबी माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटला कधीच पडत नाही. उलट आरसीसीबीला जास्त भार कळत नाही. म्हणून दोन्ही हवेत.

वायरवर आयएसआय खूण आणि आयएस 694 छापलेलं असतं, प्लग-सॉकेटवर आयएस 1293. प्रत्येक लाइनीला तीन वायरी लागतात: फेज, न्यूट्रल आणि हिरवी. बोर्डपासून गिझर आठ मीटरवर असेल तर चोवीस मीटर वायर झाली. कॉइल 90 मीटरची येते, त्यातून उरलेली वायर बाकी लाइनींना जाईल असं मोजून घ्या. सॉकेट बसवताना समोरून बघता अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. एका स्क्रूखाली तीन वायरी कोंबायच्या नाहीत. घरात रांगतं-चालतं मूल आहे, तेव्हा सगळी सॉकेटं शटरवाली घ्या. आणि अर्थच्या भोकात पेन खुपसून शटर उघडायचं, त्यात दोन पिनी प्लग किंवा काडेपेटीच्या काडीने वायर अडकवायची, ही घरोघरची युक्ती आता बंद. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा कन्व्हर्जन प्लगही फेकून द्या. तो अर्थ तोडण्याचंच काम करतो.

मोरीतला गिझरचा पॉइंट मोरीत ठेवूच नका. नळ किंवा शॉवरपासून 60 सेंटिमीटरच्या आत सॉकेट असायला नको. चाळीच्या मोरीत एवढी जागाच नसते. म्हणून 20 अँपिअरचा डबल पोल स्विच मोरीच्या बाहेर, हाताच्या उंचीवर, आणि तिथून गिझरला थेट कनेक्टरने जोडणी. सॉकेट नाही म्हणजे सैल होणारा एक जोड कमी झाला. सासूबाईंना एवढंच सांगा की पाणी तापलं की स्विच बाहेरून बंद, मग आंघोळ.

आरसीसीबी लावला की पहिल्या आठवड्यात तो वारंवार पडेल, याची मनाची तयारी ठेवा. जुन्या वायरीत आणि पावसाने ओल्या झालेल्या भिंतीत गळती असतेच. वायरमन म्हणेल, 'पीस खराब आहे, बायपास करतो.' करू देऊ नका. सगळे प्लग काढून आरसीसीबी चढवायचा. राहिला तर एकेक उपकरण लावत जायचं, ज्याला पडला तो दोषी, आणि माझी पैज फ्रिजवर. काहीच न लावता पडत असेल तर गळती वायरीत आहे किंवा कुठल्या तरी लाइनीचा न्यूट्रल दुसरीकडून घेतलाय. अशा वेळी मेगरने इन्सुलेशन मोजून घ्या. 500 व्होल्टवर एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ती वायर बदलायचीच.

पुनर्विकासाच्या आशेवर खर्च अडवून ठेवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. मुंबईत 'पुढच्या वर्षी' हा शब्द दहा वर्षं टिकतो. पण भिंती फोडू नका, एवढं घरच्यांचं बरोबर. पीव्हीसी केसिंग-कॅपिंगमध्ये पट्टीवरूनच वायर फिरवा. भिंतीवर दिसते, पण दोन दिवसांत होते, आणि खोली सोडताना एमसीबी, आरसीसीबी, बॉक्स आणि बरीचशी वायर काढून नेता येते. पैसे एकदम जमत नसतील तर क्रम असा: आधी आरसीसीबी आणि मीटर रूममधून हिरवी वायर, मग गिझरची लाइन, मग स्वयंपाकघर. दिवे-पंख्यांची लाइन शेवटी, पण रबरी वायर निघाली तर तीही लगेच.

वायरमन परवानाधारक बघा. नंतर मंजूर भार वाढवायचा झाला (तो बिलावर छापलेला असतो) तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. पैसे देण्याआधी समोर एवढं करून घ्या. आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे. हे पुढेही महिन्यातून एकदा तुम्हीच करायचं. प्रत्येक सॉकेटवर मल्टिमीटर: फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर नको. इथे बरोबर शून्य आलं तर खूश होऊ नका, सॉकेट उघडून तुकडा नाही ना ते बघा. मग गिझर अर्धा तास चालवा आणि स्विचची प्लेट, एमसीबी, दोन्हीवर कोरडा हात ठेवा. कोमट ठीक, हात काढावासा वाटला तर स्क्रू पुन्हा आवळायला लावा.

गणपतीच्या माळांसाठी एकच सॉकेट वापरा, तेही आरसीसीबीच्या लाइनीवरचं. मल्टिप्लगमध्ये मल्टिप्लग नको, आणि प्लग किंवा माळेचा ॲडॅप्टर मखराच्या कापडाला, थर्मोकोलला चिकटून नको. माळेची वायर कुठे सोललेली असेल तर टेप न गुंडाळता ती माळच बाद करा. रात्री झोपताना समई तेवती ठेवली तरी माळांचा स्विच बंद. कधी ठिणगी किंवा धूर दिसला तर पाणी मारू नका. आधी मेन खाली, मग 101.